नव्या सिस्टिमवर माझा मेंदू उघडत नाही

बुधवारी सकाळी कॉम्प्युटरने मला फार नम्रपणे विचारलं, की ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती आली आहे, बसवून घेऊ का? चाळीस वर्षं शाळेत काढल्यावर इतक्या नम्रपणे विचारणारं कोणी भेटलं की मला नाही म्हणवत नाही. मी ‘हो’ दाबलं आणि चहा प्यायला आत गेलो.

स्क्रीनच्या काठावर सूनबाईने एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. ‘बाबा, अपडेट करू नका. मी सांगेपर्यंत मुळीच नको.’ ती चिठ्ठी त्या दिवशी जागेवर नव्हती. आदल्या शनिवारी एका मुलाला अपूर्णांकांचा भागाकार समजावताना मला कागद हवा होता आणि चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती. कोरी बाजू दिसली की माझा हात राहत नाही. आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांमागे मी त्रैराशिकं सोडवली होती, हे बायको अजून पाहुण्यांना सांगते. तर तो मुलगा भागाकार शिकला आणि चिठ्ठी खिशात घालून घरी गेला. मला फार समाधान वाटलं होतं.

चहा संपवून आलो तर कॉम्प्युटर नवाकोरा दिसत होता. रंग बदलले होते, अक्षरं गोंडस झाली होती. फक्त ‘बाबांचा मेंदू’ या चिन्हावर राखाडी फुली आली होती. मी ते दाबलं. ‘हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालू शकत नाही.’ पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“काय झालं?” बायकोने आतून विचारलं.

“माझा मेंदू उघडत नाहीये.”

“हे तुम्हाला आज कळलं?”

हा मेंदू खरोखरच माझा होता. माझी सूनबाई एका संस्थेत मेंदूच्या स्कॅनवर काम करते. मेंदूचा कोणता भाग वयाबरोबर किती आक्रसतो, हे मोजायचं तिचं काम. गेल्या वर्षी तिला सत्तरीपुढची धडधाकट माणसं हवी होती. तिने वाक्य पुरं करायच्या आत मी हात वर केला. एमआरआयच्या बोगद्यात जाऊन आलो आणि त्यानंतर भेटेल त्याला सांगत सुटलो, की मी पाऊण तास दगडासारखा पडून होतो, पापणीसुद्धा हलवली नाही. मग सूनबाईने तिच्या संस्थेतलं सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर बसवून दिलं. त्यात मेंदू हवा तसा फिरवता येई, पातळ काप करून आत बघता येई. मी तो बायकोला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही दाखवला. तो म्हणाला, “छान आहे, पण मीटर कुठे आहे?”

एरवी मी ही फुली तशीच राहू दिली असती. पण त्या शनिवारी मला तो मेंदू उघडायलाच हवा होता. त्याचं कारण शंकाबाई.

दर शनिवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत सहा-सात मुलं शिकायला येतात. शाळा सुटली तरी खोड सुटली नाही. वरच्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई राहते, तिची दहा वर्षांची मुलगी त्यांतली सगळ्यांत पुढे बसणारी. दर दोन वाक्यांनंतर तिचा हात वर असतो, म्हणून आम्ही तिला शंकाबाई म्हणतो. दोन महिन्यांपूर्वी ती बोलता बोलता मध्येच थांबू लागली. नजर समोर, हात अर्धा वर, आणि दहा-बारा सेकंद कुठेच नाही. मग पुन्हा तिथून पुढे. मी शिकवत असताना मुलांची नजर शून्यात जाणं मला काही नवीन नव्हतं, त्यामुळे दोन शनिवार मी ते स्वतःवरच घेतलं. तिसऱ्या शनिवारी ती स्वतःचाच प्रश्न विचारताना अशी थांबली, तेव्हा मात्र मी जिना चढून तिच्या आईकडे गेलो.

डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. शंकाबाई बोगद्यात गेली आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन टेबलावरून उतरली. का, ते कोणालाच सांगेना. आता सोमवारची वेळ मिळाली होती. या वेळीही ती उतरली, तर पुढचा स्कॅन पूर्ण भूल देऊन, आणि त्याची तारीख दोन महिन्यांनंतरची. भुलीचं नाव काढलं की तिच्या आईच्या हातातली कात्री थांबायची. ती मला म्हणाली, “सर, तुमचं ऐकते ती. तुम्हीच काहीतरी सांगा.”

मी सांगितलं. दगडाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली. शंकाबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आधी तुमचा दाखवा. मग बघू.”

“शनिवारी दाखवतो,” मी छाती काढून म्हणालो. हे मंगळवारी. बुधवारी मी ‘हो’ दाबलं.

गुरुवारी मी ठरवलं, की हे आपण आपलं करू. सूनबाई परगावी परिषदेला गेली होती, तिला कशाला त्रास? (खरं कारण चिठ्ठी.) मुलांना मी नेहमी सांगतो, पायरी सोडायची नाही, पहिल्यापासून क्रमाने जायचं. म्हणून मी त्या सॉफ्टवेअरची माहितीपत्रिका पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. पहिली अकरा पानं ज्यांनी ते बनवलं त्यांचे आभार होते. तीही वाचली. बाराव्या पानावर लिहिलं होतं, की नव्या सिस्टिमवर जाण्याआधी ही पत्रिका वाचावी.

जुनं सॉफ्टवेअर काढून टाकलं. पुन्हा तेच बसवलं. चिन्ह दाबलं की ते एकदा उडी मारायचं आणि मरायचं. मी नऊ वेळा दाबलं. एकच चुकीची रीत नऊ वेळा वापरणाऱ्या मुलाला मी बाकावर उभं केलं असतं. मी स्वतः मात्र बसूनच राहिलो, कारण गुडघे.

शुक्रवारी सकाळी सूनबाईला फोन लावला.

“बाबा? काय झालं?”

“काही नाही गं, सहज.”

“सहज तुम्ही सकाळी साडेनऊला फोन नाही करत. आई बऱ्या आहेत ना?”

“उत्तम आहे. माझ्यावर हसतेय. एक काल्पनिक प्रश्न होता. समजा, एका माणसाने...”

“अपडेट केलंत.”

“समजा केलं.”

“बाबा, चिठ्ठी लावली होती ना मी?”

“ती अपूर्णांकांच्या कामी आली.”

पलीकडून एक मोठा उसासा ऐकू आला. “बरं. वही घ्या आणि लिहा.”

मी वही घेऊनच बसलो होतो. तिने समजावलं, की आपलं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टिमच्या काही तुकड्यांवर उभं होतं आणि नव्या सिस्टिमने ते तुकडे फेकून दिले. “घर तेच आहे हो, पण खालचे चार खांब काढलेत.” आता नव्या सिस्टिमसाठी मुद्दाम केलेलं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं, त्याआधी मदतीचा एक छोटा प्रोग्रॅम टाकायचा, ती पाठवेल ती लायसन्सची फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि मग आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची. इतकं स्वच्छ समजावलं, की मला वाटलं, हिला मीच शिकवलंय. शिकवलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हाच शिकलेली होती.

“आणि शेवटचं. उघडल्यावर आत फाईली दिसतील. चार नंबरची उघडा. तीन नका उघडू.”

“का बरं?”

“नंतर सांगते. माझं सत्र सुरू होतंय. चार, हं बाबा!”

मदतीचा छोटा प्रोग्रॅम टाकण्यात माझी दुपार गेली. त्यालाही काळ्या खिडकीत अशीच एक ओळ लागत होती आणि ती तीन तास चुकीची ठरत होती. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, सगळं बरोबर. शेवटी बायको चष्मा लावून मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तिने सांगितलेल्या ओळीच्या शेवटी टिंब होतं का?”

नव्हतं. वाक्य संपलं म्हणून मी पूर्णविराम दिला होता. चाळीस वर्षांत हजारो मुलांच्या वह्यांत मी तो लाल पेनने घालून दिला होता, आणि कोणाचंही काही बिघडलं नव्हतं.

मुख्य सॉफ्टवेअर इतकं मोठं, की शुक्रवारी संध्याकाळी उतरायला लागलेलं शनिवारी वर्ग भरला तरी उतरतच होतं.

मुलं सतरंजीवर बसली. शंकाबाई सगळ्यांत पुढे, हाताची घडी घालून, परीक्षकासारखी. स्क्रीनवर निळी पट्टी हळूहळू भरत होती.

“मेंदू कुठंय?”

“येतोय.”

“किती वेळ लागेल?”

“अकरा मिनिटं, असं लिहिलंय.”

“मघाशी पण अकराच लिहिलं होतं.”

“ती अकरा मोठी होती.”

पट्टी शहाण्णव टक्क्यांवर थांबली. मुलं टक लावून बघत होती. “आजोबा, अडकलं का हो?” “नाही, आतल्या आत काम चाललंय.” “तुम्हाला कसं माहीत?” माहीत नव्हतं. तसं सांगून टाकलं. त्यावर एक जण म्हणाला, “आमच्या बाबांसारखं आहे. ते पण डोळे मिटून काम करतात.”

मग एकदम पट्टी भरली. लायसन्सची फाईल जागेवर ठेवली, ओळ टाइप केली, टिंब दिलं नाही. नवी खिडकी उघडली आणि डावीकडे फाईलींची रांग दिसली. एक आणि दोनमध्ये नुसती मोजमापं होती, चित्र नव्हतं. तीन. चार.

सूनबाई काय म्हणाली होती ते मला आठवत होतं. पण मागे सहा मुलं बसली होती आणि त्या सहांनाही मी कधी ना कधी तिसरं उदाहरण सोडून चौथ्यावर उडी मारली म्हणून रागावलो होतो. मी तीन उघडली.

स्क्रीनवर डोकं आलं. नाक माझंच, शंका नाही. पण आत मेंदूच्या जागी वलयंच वलयं. तळ्यात कोणीतरी खडा टाकावा तशी कडेपासून कडेपर्यंत लाटांवर लाटा.

“आजोबा, तुमचा मेंदू पाण्यात पडलाय!”

“कांदा आहे कांदा!”

“शांत बसा,” मी म्हणालो. “हा नव्या आवृत्तीचा दोष आहे. नवीन गोष्टी अशाच असतात.” आणि घाईघाईने चार उघडली. चित्र स्वच्छ. घड्या, खोबणी, मधली पांढरी रेघ, सगळं जिथल्या तिथे. मी सुटकेचा श्वास सोडला. “हं, हा बघा माझा मेंदू.”

शंकाबाईचा हात वर झाला.

“विचार.”

“दोन्ही याच कॉम्प्युटरवर उघडले ना?”

“हो.”

“याच नव्या सॉफ्टवेअरमध्ये?”

“हो.”

“मग दोष सॉफ्टवेअरचा कसा? तुम्हीच सांगितलंय, दोन उत्तरं वेगळी आली तर काय बदललं ते शोधायचं. कॉम्प्युटर बदलला नाही. सॉफ्टवेअर बदललं नाही.” ती जराशी थांबली. ती नेहमीची थांबलेली नव्हती, विचार करायला थांबली होती. “म्हणजे तुम्ही बदललात.”

आपण शिकवलेलं मुलांच्या लक्षात राहावं, अशी शिक्षकाची फार इच्छा असते. कधीकधी ती नको तेव्हा पुरी होते.

इतक्यात सूनबाईचाच फोन आला. मुलांनी “मोठ्याने, मोठ्याने” असा गिल्ला केला, म्हणून मी स्पीकर लावला.

“चाललं का, बाबा?”

“चाललं. मी तीन उघडली.”

“अरे देवा.”

“काय आहे त्यात?”

“बाबा... तुम्ही हललात हो. पहिला अख्खा स्कॅन. मान वर-खाली, वर-खाली. टेक्निशियन मला म्हणाला, तुमचे सासरे आत कोणाला हो हो म्हणतायत? म्हणून मी तुम्हाला म्हटलं, जास्तीचा एक काढून ठेवू. चार नंबरचा तो. बाहेर आल्यावर तुम्ही इतके खूश होतात, दगड दगड म्हणत होतात. मला नाही सांगवलं.”

मुलं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. आतून बायकोचं हसणं ऐकू आलं, ते सगळ्यांत मोठं. शंकाबाई हसली नाही. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “तुम्ही म्हणालात, पापणी पण हलवली नाही.”

“म्हणालो.”

“तीनदा म्हणालात.”

खोलीत एक दगड होता आणि तो हलत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. मी खुर्ची तिच्या बाजूला वळवली.

“अगं, मी घाबरलो होतो. बोगद्याचं छत नाकापासून एवढंच असतं, वीतभर. आणि ते ठकठक, ठकठक. हातात एक रबरी चेंडू देतात, तो दाबला की बाहेर काढतात. दाबावासा वाटत होता. पण काचेपलीकडे सून उभी. सासऱ्याने कसा दाबायचा? म्हणून मी ठोके मोजायला लागलो. मोजताना माझी मान हलते, ते मला माहीतच नव्हतं.”

“वर्गात पण हलते,” एक जण म्हणाला. “पाढे म्हणताना.”

शंकाबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “मग ते ओरडले का?”

“कोण?”

“ते लोक. हललात म्हणून.”

“छे. पुन्हा काढला.”

“पुन्हा काढतात?”

“काढतात की. हा काय समोर आहे, चार नंबर.”

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग सतरंजीचा धागा ओढत हळूच म्हणाली, “मला शिंक आली होती. मला वाटलं, झालं. बिघडलं. म्हणून मी उतरले.”

“एका शिंकेसाठी? अगं, विचारायचं तरी! तू एवढी विचारणारी!”

“तुमच्याकडे खाडाखोड झाली की पान बाद होतं ना? विचारून काय उपयोग?”

माझ्या वर्गाचा एकच कडक नियम आहे आणि तो मी पहिल्याच दिवशी सांगतो. वहीत खाडाखोड नाही. एक शब्द जरी खोडला तरी ते पान बाद, उभी रेघ मारून मोकळा. त्याने मुलं नीट विचार करून लिहितात, असं माझं मत होतं. त्या नियमाचा मला अभिमान होता. तो माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर थेट बोगद्यात जाऊन पोचला होता, आणि मी इकडे दगडाची गोष्ट सांगून तिला धीर देत होतो.

मी कॉम्प्युटरवर तीन आणि चार शेजारी शेजारी ठेवले आणि उरलेला तास आम्ही तेच बघत बसलो. एका मुलाने लाटा मोजल्या. एकतीस भरल्या. मोजताना त्याची मान हलत होती.

सोमवारी मी गेलो नाही. तिची आई म्हणाली होती, या, पण बोगद्याच्या बाबतीत माझी पत आता राहिली नव्हती. दुपारभर नव्या सिस्टिमच्या रंगांशी खेळत बसलो. चारच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली आणि शंकाबाई सीडी हातात उंच धरून आत आली. मागून तिची आई, चेहरा सैल सुटलेला.

“भुलीची गरज नाही पडली,” ती म्हणाली. “डॉक्टर गुरुवारी बघून सांगणार आहेत. पण काय हो सर, हिने झोपायच्या आधी त्या टेक्निशियनला उभं केलं आणि विचारलं, हललं तर पुन्हा काढाल ना? तो म्हणाला, काढू. मग म्हणते, किती वेळा? तो म्हणाला, तू कंटाळेपर्यंत. तेव्हा कुठे झोपली.”

“तीन काढले,” शंकाबाई म्हणाली. “दोन नंबरचा बिघडलाय. नाक खाजत होतं. उघडा ना.”

उघडला. नवं सॉफ्टवेअर मुकाट्याने चाललं. गुरुवारी डॉक्टर त्यात काय बघतील ते त्यांचं ते. आम्ही दोघं फक्त लाटा बघत होतो. तिच्या नऊ होत्या. माझ्या एकतीस. तिने हे दोन्ही आकडे दोनदा मोठ्याने म्हटले, आतल्या खोलीतही ऐकू जावेत असे.

मग तिने दप्तरातून वही काढली. डोक्याचं एका बाजूने चित्र, आत मेंदू, भागांना बाण आणि नावं. एका ठिकाणी नाव चांगलं जाड गिरवून खोडलेलं आणि शेजारी दुसरं लिहिलेलं. वही माझ्यासमोर ठेवून ती हाताची घडी घालून उभी राहिली.

मी लाल पेन उघडलं. खाडाखोडीवरून ते पुढे नेलं, थांबू दिलं नाही. पण पुढे एक अडचण होती.

“छोटा मेंदू तू कपाळात दाखवलायस. तो मागे असतो, मानेच्या वर.”

“हो का?” तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, माझ्यादेखत ते नाव खोडलं, बाण खोडला आणि मागच्या बाजूला नवा बाण काढायला लागली.